बर्फावरचे वेळापत्रक आणि केसपेपरवरची तारीख

उत्तर गोलार्धात हिवाळी खेळांचा हंगाम आणि श्वसनमार्गाच्या साथींचा हंगाम जवळपास एकच असतो. डोंगरउतारावरील स्कीइंगची विश्वचषक मालिका ऑक्टोबरच्या अखेरीस ऑस्ट्रियात सुरू होते आणि मार्चमध्ये संपते. या पाच महिन्यांत तेच खेळाडू, तेच प्रशिक्षक, स्कीच्या तळाला मेण लावणारे तेच कारागीर, तेच पंच आणि वार्ताहर दर आठवड्याला नव्या गावी, बहुधा नव्या देशात मुक्काम हलवतात. युरोपातील इन्फ्लुएंझाची लाटही याच महिन्यांत चढते. बर्फातून रोग येत नाही. थंडीमुळे माणसे बंद खोल्यांत दाटीने बसतात, आतली हवा कोरडी असते, खिडक्या उघडल्या जात नाहीत. विषाणूला एवढे पुरते. दिवसभर मोकळ्या उतारावर घसरणारी माणसे केबलकारच्या डब्यात खांद्याला खांदा लावून उभी राहतात आणि संध्याकाळी एकाच मद्यगृहात शेकड्यांनी जमतात. धोका असतो तो डब्यात आणि मद्यगृहात.

त्यामुळे कोरोनाच्या काळात जगभर अनेकांनी स्पर्धांचे निकाल आणि साथीचे आलेख शेजारी शेजारी ठेवून पाहिले. हे दोन्ही एकत्र पाहण्यातून काही कळते का, यावर मते दोन आहेत. पहिल्या मतानुसार स्पर्धांचे वेळापत्रक हा माणसांच्या जागतिक हालचालीचा आधीच छापलेला तक्ता आहे आणि साथ ओळखायला त्याहून सोपे साधन सामान्य माणसाजवळ नाही. दुसऱ्या मतानुसार साथ स्थानिक असते. दूरचा आलेख पाहणाऱ्याचे जवळच्या नोंदीकडे दुर्लक्ष होते. ही मते येथे मुदखेडमधील दोन व्यक्तींच्या तोंडी घातली आहेत. व्यक्ती कल्पित आहेत. घटना, तारखा आणि आकडे खरे आहेत.

मुदखेड हे नांदेड जिल्ह्यातील तालुक्याचे गाव आणि रेल्वेचे जंक्शन. येथून एक मार्ग नांदेड, परभणी करत मनमाडकडे जातो, दुसरा उमरी, धर्माबादवरून निजामाबाद आणि सिकंदराबादकडे, तिसरा भोकर, किनवटवरून आदिलाबादकडे. परिसरात फुलशेती आहे. गावाजवळ केंद्रीय राखीव पोलीस दलाचे प्रशिक्षण महाविद्यालय आहे. संवादातील मामा येथेच स्टेशन मास्तर होते, आता निवृत्त आहेत. भाची नांदेडला संख्याशास्त्र शिकते आणि शाळेत असल्यापासून मोबाइलवर स्कीइंग आणि बायथलॉनच्या शर्यती बघते. बायथलॉनमध्ये स्पर्धक स्कीवर धावतो, मध्येच थांबून रायफलने निशाणा साधतो आणि बहुतेक शर्यतींत चुकलेल्या गोळीमागे दंडाची फेरी मारतो.

भाचीचे म्हणणे मार्च २०२० पासून सुरू होते. "मामा, त्या महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांत खेळांच्या बातम्या नुसत्या तारखेनं लावल्या तरी साथ दिसते," ती म्हणते. तिने लावलेला क्रम असा: ५ ते ८ मार्चला चेक प्रजासत्ताकातील नोव्हे मेस्तो येथे बायथलॉनचा विश्वचषक प्रेक्षकांविना झाला. त्याच सुमारास इटलीतील कोर्तिना येथील स्कीइंगची अंतिम फेरी रद्द झाली. ७ मार्चला कॅनडातील महिला आइस हॉकीची जागतिक स्पर्धा रद्द झाली. ११ मार्चला मॉन्ट्रियलची फिगर स्केटिंग स्पर्धा आणि स्वीडनमधील ओरे येथील महिलांच्या शर्यती गेल्या. १२ मार्चला उत्तर अमेरिकेतील आइस हॉकी लीग थांबली. जागतिक आरोग्य संघटनेने कोविड-१९ ला महासाथ म्हटले ते ११ मार्चला.

"आणि त्याच ७ ते ११ मार्चला गुलमर्गला पहिल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा चालू होत्या," ती पुढे सांगते. "तिकडं युरोपात शर्यती रद्द होत होत्या, इकडं आपली मुलं स्कीइंग करत होती. ज्यानं दोन्ही बातम्या वाचल्या त्याला कळायला पाहिजे होतं की आपल्याकडं काय येणार आहे."

मामांना हा पुरावा पुरेसा वाटत नाही. "रद्द झालेली शर्यत म्हणजे घाबरलेल्या माणसांचा निर्णय, बाई. त्यातून भीती कुठवर पोहोचली ते कळतं. रोग कुठवर पोहोचला ते कसं कळणार?"

आक्षेप योग्य आहे. त्याचे उत्तर ऑस्ट्रियातील इशग्ल या गावाच्या उदाहरणातून मिळते. इशग्लची वस्ती सोळाशेच्या आसपास. हंगामात मात्र हजारो पर्यटक तेथे येतात. ५ मार्च २०२० रोजी आइसलँडने, आपल्याकडे परतलेले अनेक बाधित इशग्लहून आल्याचे पाहून, हे गाव धोक्याच्या यादीत टाकले. ७ मार्चला तेथील एका मद्यगृहातील कर्मचारी बाधित निघाला. तरीही त्या मद्यगृहात ग्राहकांना संसर्ग होण्याची शक्यता कमी आहे, असे स्थानिक प्रशासन ८ मार्चला सांगत होते. १३ मार्चला संपूर्ण खोरे विलगीकरणात टाकल्याची घोषणा झाली आणि हजारो पर्यटक घाईघाईने गाड्या काढून आपापल्या देशांकडे निघाले. नॉर्वे, डेन्मार्क, जर्मनी, आइसलँड येथील सुरुवातीच्या रुग्णांपैकी अनेकांचा माग याच खोऱ्यापर्यंत गेला. ऑक्टोबर २०२० मध्ये तज्ज्ञ समितीने या हाताळणीत चुका झाल्याचे नोंदवले.

इशग्लच्या रहिवाशांची एप्रिल २०२० मध्ये रक्ततपासणी झाली तेव्हा सुमारे ४२ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली. त्यांतल्या बहुतेकांना आजाराचे निदान कधी झालेच नव्हते. म्हणजे अधिकृत आकड्याच्या कितीतरी पट संसर्ग गावात होऊन गेला होता. हा मुद्दा भाचीच्या बाजूचा तितकाच मामांच्याही बाजूचा आहे, आणि पुढच्या सगळ्या वादाचे बीज त्यात आहे.

वेळापत्रक उपयोगी पडते याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण स्वीडनचे आहे. तेथील शाळांना फेब्रुवारीत एक आठवडा हिवाळी सुट्टी असते. अनेक कुटुंबे त्या आठवड्यात आल्प्समध्ये स्कीइंगला जातात. सुट्टी मात्र सगळीकडे एकाच वेळी नसते. २०२० मध्ये योतेबोर्गची सुट्टी वर्षाच्या सातव्या आठवड्यात होती, माल्मोची आठव्या, स्टॉकहोमची नवव्या, म्हणजे २४ फेब्रुवारी ते १ मार्च. उत्तर इटलीतील उद्रेक उघडकीस आला तो २१ फेब्रुवारीला. योतेबोर्ग आणि माल्मोची कुटुंबे तोवर बहुतांश परतली होती किंवा परतीच्या वाटेवर होती. स्टॉकहोमची त्यानंतर गेली आणि विषाणू घेऊन आली. पहिल्या लाटेत स्टॉकहोमला इतरांहून मोठा तडाखा बसण्यामागे हे एक महत्त्वाचे कारण मानले जाते. देश एक, सरकार एक, नियम एक. फरक शाळेच्या सुट्टीच्या आठवड्याचा.

हे ऐकून मामा थोडे नमतात, कारण त्यांना वेळापत्रक कळते. "हे पटलं. गाडी कधी सुटली आणि कुठं थांबली, त्यावर सगळं असतं," ते म्हणतात. "पण मग स्वीडन कशाला? आपल्याकडं मानमोडी आली ती रेल्वेनंच."

१९१८ च्या इन्फ्लुएंझाला मराठीत मानमोडीची साथ म्हणत. जून १९१८ मध्ये ती मुंबई बंदरात उतरली. गोदीवर पहाऱ्याला असलेले पोलीस शिपाई पहिल्या रुग्णांत होते. त्या लाटेत मृत्यू तुलनेने कमी होते. सप्टेंबरपासून दुसरी लाट आली. मुंबईत ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात ७६८ मृत्यू नोंदले गेले. युद्धावरून परतणारे सैनिक, टपाल, व्यापारी आणि रोजगार सोडून गावाकडे निघालेले मजूर यांच्याबरोबर साथ लोहमार्गांनी आत सरकली. मनमाड ते हैदराबाद हा गोदावरी खोऱ्यातला लोहमार्ग तेव्हा निजामाच्या राज्यातून चालू होता आणि मुदखेड त्याच मार्गावर आहे. त्या वर्षी पाऊसही बुडाला होता; उपाशी शरीरांवर साथ अधिक क्रूर झाली.

भाचीला त्याच साथीची बर्फावरची नोंद माहीत आहे. मार्च १९१९ मध्ये आइस हॉकीच्या स्टॅन्ली चषकाची अंतिम लढत मॉन्ट्रियल आणि सिएटल या संघांत सिएटलला चालू होती. पाच सामन्यांनंतर दोन्ही संघ बरोबरीत होते. १ एप्रिलला निर्णायक सामना ठरला होता, पण मॉन्ट्रियलचे खेळाडू तापाने अंथरुणाला खिळले आणि सामना रद्द झाला. त्यांचा बचावपटू ज्यो हॉल ५ एप्रिलला रुग्णालयात वारला. चषकावर त्या वर्षाचा विजेता नाही; मालिका अपूर्ण राहिल्याचे त्यावर पुढे कोरण्यात आले.

"तिकडं एका खेळाडूचं नाव, वारल्याची तारीख, सगळं शंभर वर्षांनी सापडतं," मामा म्हणतात. "इकडं किती गेले?"

या प्रश्नाचे एकच उत्तर नाही, आणि तेच त्याचे महत्त्व आहे. हिंदुस्थानातील मृत्यूंचा सुरुवातीचा सरकारी अंदाज साठ लाखांच्या आसपास होता. १९२१ च्या जनगणनेनंतर तो दुपटीच्या घरात गेला, आणि नंतरच्या अभ्यासकांनी तो पावणेदोन कोटींपर्यंत नेला. गावात मृत्यूची नोंद करणारा माणूसच तापाने पडला असेल तर वहीत ओळ कोण लिहिणार? मेलेले तेवढेच होते. बदलत गेली ती मोजणी.

येथून वाद आकड्यांकडे वळतो. भाची मान्य करते की साथीचा आलेख बघताना मन नकळत पदकतालिकेच्या सवयीने वाचू लागते: कोण पहिला, कोण दुसरा, कालपेक्षा कोण वर गेले. २२ जानेवारी २०२० रोजी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने सुरू केलेला जागतिक नकाशा कोट्यवधी लोक रोज उघडत होते. त्यात देशांची नावे रुग्णसंख्येच्या उतरत्या क्रमाने लावलेली असत. मांडणी अगदी गुणफलकासारखी. या सवयीचा मोठा फटका नांदेडला बसला, आणि त्याची आठवण मामांच्या बोलण्यात वारंवार येते.

मार्च २०२० मध्ये होला मोहल्ला या सणासाठी पंजाबातून आलेले शीख यात्रेकरू टाळेबंदीमुळे नांदेडच्या तख्त सचखंड श्री हजूर साहिब येथे अडकले. प्रवासी गाड्या २२ मार्चपासून बंद होत्या. चार हजारांच्या आसपास माणसे महिनाभर गुरुद्वाऱ्याच्या आश्रयाला राहिली. नांदेड शहरात पहिला रुग्ण सापडला तो एप्रिलच्या उत्तरार्धात. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात यात्रेकरू बसगाड्यांनी पंजाबला निघाले. मध्य प्रदेश, राजस्थान करत जाणारा तो लांबचा प्रवास. पंजाबात पोहोचल्यावर त्यांच्या सरसकट चाचण्या झाल्या आणि एक हजाराहून अधिक जण बाधित निघाले. मेच्या पहिल्या आठवड्यात पंजाबातील एकूण बाधितांत निम्म्याहून अधिक वाटा या यात्रेकरूंचा होता. बहुतेकांना लक्षणे नव्हती. नांदेडला गुरुद्वाऱ्यातील सेवेकऱ्यांच्या चाचण्या झाल्या तेव्हा त्यांतलेही काही बाधित आढळले.

संसर्ग नांदेडला झाला, बसमध्ये झाला, की वाटेतल्या मुक्कामांवर झाला, यावर दोन्ही राज्यांत आरोप-प्रत्यारोप झाले. बातम्यांत 'नांदेडचे रुग्ण' अशी वेगळी ओळच दिसू लागली.

"पंजाबात तोवर चाचण्या किती होत होत्या ते कुणी विचारलं नाही," मामा म्हणतात. "आमच्या नावापुढं आकडा लावला आणि मोकळे झाले. इशग्लवाल्यांना आठ दिवस आधी सांगितलं होतं. नांदेडला कुणी काय सांगितलं होतं?"

भाची येथे त्यांच्या बाजूने हिशेब मांडते. समजा एका जिल्ह्यात आजारी दिसणाऱ्या शंभर जणांची चाचणी केली आणि दहा बाधित निघाले. दुसऱ्या जिल्ह्यात बसमधून उतरलेल्या सगळ्या हजार जणांची केली आणि पन्नास निघाले. गुणफलकावर दुसरा जिल्हा पाचपट वाईट दिसतो. पण पहिल्याचा बाधितांचा दर १० टक्के, दुसऱ्याचा ५ टक्के. पहिल्या जिल्ह्यात न मोजलेले रुग्ण बहुधा जास्त आहेत, आणि काळजीची जागा ती आहे. महाराष्ट्र सरकारने जून २०२१ मध्ये निर्बंध उठवताना जिल्ह्यांचे पाच स्तर केले, ते रुग्णांच्या नुसत्या संख्येवर केले नाहीत; आठवड्याचा बाधितांचा दर आणि प्राणवायूच्या खाटा किती भरल्या आहेत, या दोन गोष्टींवर केले. दर ५ टक्क्यांच्या आत आणि खाटा २५ टक्क्यांपेक्षा कमी भरलेल्या असतील तर पहिला स्तर. आकडा कसा वाचावा याचे हे चांगले उदाहरण होते. जिल्ह्यातली दुकाने त्यावर उघडत किंवा बंद राहत, म्हणून 'पॉझिटिव्हिटी रेट' हा शब्द त्या पावसाळ्यात चहाच्या टपरीवरही ऐकू येत असे.

यात्रेकरूंची सरसकट तपासणी झाली तशीच, पण ठरवून आणि रोज, बीजिंगच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये झाली. ४ ते २० फेब्रुवारी २०२२ या काळात तेथे खेळाडू, अधिकारी, स्वयंसेवक, बसचालक आणि स्वयंपाकी यांना शहरापासून तोडलेल्या बंद वर्तुळात ठेवले होते. सर्वसामान्यांना तिकिटे विकली नाहीत. आत असलेल्या प्रत्येकाची रोज चाचणी होत असे. चारशेहून अधिक जण बाधित आढळले, त्यांतले बरेचसे विमानतळावरच. भारताचा एकमेव खेळाडू काश्मीरमधील तंगमर्गचा आरिफ खान होता. त्याच्या संघाचे व्यवस्थापक विमानतळावरील चाचणीत बाधित निघाले आणि पुढच्या चाचण्यांत बाधित नसल्याचे दिसले. आरिफने १३ फेब्रुवारीला जायंट स्लॅलम शर्यतीत ४५ वे स्थान मिळवले. इतके बारकाईने मोजलेले चारशे आणि एखाद्या न मोजलेल्या शहरातले चारशे यांची तुलना होऊ शकत नाही.

मामांचा पुढचा मुद्दा असा की खेळाचा निकाल पक्का असतो आणि साथीचा कच्चा, म्हणून दोन्ही एका नजरेने बघू नयेत. भाची पहिला भाग मान्य करत नाही. बीजिंगमध्ये सांघिक फिगर स्केटिंगचे सुवर्ण रशियन संघाने मिळवले होते. त्यातील एका स्पर्धकाचे उत्तेजक द्रव्याचे प्रकरण दोन वर्षे चालले, जानेवारी २०२४ मध्ये ती अपात्र ठरली आणि सुवर्ण अमेरिकेकडे गेले. पदके गळ्यात पडली ती ऑगस्ट २०२४ मध्ये, पॅरिसच्या उन्हाळी ऑलिंपिकच्या वेळी. दुसरा भाग मात्र तिला पूर्ण मान्य आहे. ९ जून २०२१ रोजी बिहारने आपली मृत्यूसंख्या एका दिवसात ५,४५८ वरून ९,४२९ केली. त्या दिवशी तेथे चार हजार माणसे मेली नव्हती, जुन्या नोंदी जुळवल्या गेल्या होत्या. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने २०२० आणि २०२१ या दोन वर्षांतील भारतातील जादा मृत्यूंचा अंदाज ४७ लाख दिला. त्या दोन वर्षांचा सरकारी आकडा पाच लाखांच्या आत होता आणि भारत सरकारने संघटनेची पद्धत अमान्य केली. ही तफावत आजही मिटलेली नाही.

येथे मामा आपल्या कामातले उदाहरण देतात, आणि ते या संवादातले सर्वांत उपयोगी आहे. स्टेशनात ट्रेन सिग्नल रजिस्टर असते. पुढच्या स्टेशनाकडून लाइन क्लिअर कधी मिळाले, गाडी मागून कधी सुटली, आपल्याकडे कधी आली, कधी गेली, हे सगळे मिनिटासह त्यात चढवायचे. गाडी दोन वाजून दहा मिनिटांनी आली आणि नोंद करायला अडीच वाजले, तरी रकान्यात दोन दहाच लिहायचे. "मी लिहिलं कधी याला किंमत नाही. गाडी आली कधी याला आहे. अपघात झाला तर पहिलं तेच रजिस्टर उचलतात."

साथीच्या आलेखात नेमकी हीच गल्लत होते. ताप सुरू झाल्याची तारीख वेगळी, दवाखान्यात गेल्याची वेगळी, नमुना घेतल्याची वेगळी, अहवाल आल्याची वेगळी आणि जिल्ह्याच्या यादीत चढल्याची त्याहून वेगळी. बातमीतला रोजचा आकडा बहुतेकदा शेवटच्या तारखेचा असतो. रविवारी तपासणी कमी होते म्हणून सोमवारी आकडा पडतो; साथ उतरली असे वाटते, आणि बुधवारी तो पुन्हा उसळतो. ही लाटालाट सपाट करण्यासाठी सात दिवसांची सरासरी काढतात. तीही दहा-बारा दिवसांपूर्वीच्या संसर्गाचेच चित्र दाखवते. स्वीडनच्या सुट्टीचे उदाहरण उलगडले ते माणसे केव्हा गेली आणि केव्हा परतली हे ठाऊक होते म्हणून; रुग्णांच्या एकूण बेरजेवरून ते कधीच कळले नसते.

तरीही मामांचा मूळ आक्षेप शिल्लक राहतो: मुदखेडच्या माणसाने आल्प्स बघून काय करावे? त्याला सर्वाधिक बळ फेब्रुवारी २०२१ मधून मिळते. ८ ते २१ फेब्रुवारीला कोर्तिना येथे स्कीइंगची जागतिक स्पर्धा प्रेक्षकांविना पार पडली. जानेवारीच्या मध्यापासून जगाची साप्ताहिक रुग्णसंख्या घसरत होती. जागतिक आलेख पाहणाऱ्याला साथ ओसरतेय असेच दिसले असते. नेमक्या त्याच आठवड्यांत अमरावतीत रुग्ण वाढत होते. २२ फेब्रुवारीपासून तेथे आठवड्याची टाळेबंदी लागली. पुढे डेल्टा म्हणून ओळखल्या गेलेल्या विषाणूच्या घराण्याचे नमुने महाराष्ट्रात त्याआधीच सापडले होते. अमरावती मुदखेडपासून अडीचशे-तीनशे किलोमीटर. महिन्याभरात लाट नांदेडला पोहोचली आणि २५ मार्च ते ४ एप्रिल २०२१ या काळात जिल्ह्यात टाळेबंदी झाली. तोवर हिवाळा सरून ऊन तापले होते. मराठवाड्यातली सर्वांत भीषण लाट हिवाळ्यात आलीच नाही.

इन्फ्लुएंझाचेही तसेच आहे. युरोपात त्याचा एक हंगाम. महाराष्ट्रात दोन, जानेवारी ते मार्च आणि पुन्हा पावसाळ्यात. २००९ च्या एच१एन१ साथीत पुण्यात देशातील पहिला मृत्यू झाला तो ऑगस्टच्या आरंभी. उत्तर गोलार्धाचा हिवाळा हे मुदखेडचे घड्याळ नव्हे. या मुद्द्यावर मामांचे म्हणणे निर्विवाद बरोबर आहे आणि भाचीने ते मान्य केले पाहिजे.

ती मान्य करते, पण एक गोष्ट सोडत नाही. "मामा, मी खेळाडू बघत नाही. खेळासाठी कोण कोण गोळा झालं ते बघते." तिची दोन उदाहरणे आहेत. २०१८ च्या प्याँगचाँग हिवाळी ऑलिंपिकच्या तोंडावर नोरोव्हायरसमुळे उलट्या-जुलाबांची साथ पसरली, ती आधी खेळाडूंत नव्हे, एकत्र राहणाऱ्या सुरक्षारक्षकांत. बाराशे रक्षक कामावरून बाजूला काढून त्यांच्या जागी नऊशे सैनिक आणावे लागले. २०१० चे व्हँकुव्हर ऑलिंपिक एच१एन१ ची महासाथ चालू असतानाच झाले. सगळ्यांचे लक्ष फ्लूकडे होते, आणि स्पर्धा संपल्यावर त्या प्रांतात उद्रेक झाला तो गोवराचा, ८२ रुग्णांचा.

मामा बराच वेळ गप्प राहतात. सुरक्षारक्षकांची बाब त्यांना जवळची वाटते, कारण मुदखेडच्या प्रशिक्षण महाविद्यालयात देशाच्या कानाकोपऱ्यातून जवान येतात, एका बराकीत झोपतात, एका भोजनगृहात जेवतात. त्यांच्या येण्याजाण्याच्या तारखा ठरलेल्या असतात. "मग आपलं हिवाळी ऑलिंपिक म्हणजे माळेगाव," ते म्हणतात. लोहा तालुक्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा मार्गशीर्षाच्या शेवटी, ऐन थंडीत भरते. घोडे, गाढवे, उंट यांचा बाजार, कुस्त्यांची दंगल, तमाशाचे फड. महाराष्ट्र, तेलंगण आणि कर्नाटकातून माणसे येतात. कुस्तीच्या फडाभोवती गर्दी दाटते ती उघड्यावर. रात्री मात्र राहुट्यांत आणि बंद टेम्पोंत माणसे एकमेकांना चिकटून झोपतात. इशग्लमध्ये उतार आणि मद्यगृह यांत जो फरक होता तोच येथे फड आणि राहुटी यांत आहे.

या ठिकाणी दोन्ही मते बरीच जवळ येतात. स्पर्धांचे वेळापत्रक उपयोगी आहे, पण त्यात पाहायची ती गर्दीची जागा, मुक्कामाची पद्धत आणि परतीची तारीख. देशांची क्रमवारी नव्हे. आणि दूरचे वेळापत्रक वाचायची सवय लागली तर तीच नजर जवळच्या यात्रेवर आणि बाजारावर, गणेश विसर्जनावर आणि लग्नसराईवर लावावी. इतके करणाऱ्याने आल्प्सच्या शर्यती जरूर बघाव्यात.

आजची अडचण वेगळी आहे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने आपला नकाशा १० मार्च २०२३ रोजी थांबवला. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. तपासण्या जवळजवळ बंद झाल्या, त्यामुळे आलेखाची रेषा जमिनीला टेकली. ती रोग नाही असे सांगत नाही. मोजणी नाही एवढेच सांगते. भारतात २००४ पासून एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम चालू आहे आणि त्याच्या खालच्या पायऱ्यांवर प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ग्रामीण रुग्णालयाची बाह्यरुग्ण नोंद आहे. तेथे जी ओळ चढेल तीच जिल्ह्याला, राज्याला आणि पुढे जगाला दिसते.

ही ओळ सुरू होते केसपेपरवर. वरच्या कोपऱ्यात छापील क्रमांक, त्याखाली शिक्क्याची तारीख, नाव, वय, गाव, आणि मग घाईने लिहिलेला ताप, खोकला. शिक्क्याची तारीख दवाखान्यात आल्याची असते. ताप कधी सुरू झाला याला रकाना असतोच असे नाही. मामांच्या दृष्टीने हा गाडी येण्याच्या वेळेचा रकाना कोरा ठेवण्यासारखा प्रकार आहे, आणि संख्याशास्त्र शिकणाऱ्या भाचीला याहून मोलाचा दुसरा आकडा नाही. म्हणून वाचकांना एवढेच मागणे: ताप-खोकला घेऊन दवाखान्यात जाल तेव्हा ताप कोणत्या दिवशी सुरू झाला आणि त्याआधीच्या आठवड्यात कोणत्या यात्रेला, लग्नाला किंवा प्रवासाला गेला होतात, हे आपणहून सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्या.